शर्यतीच्या विमानाने स्पिटफायरला नेमकं काय दिलं?

स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. त्याबद्दलचा प्रश्न असा आहे: ‘१९३१ साली श्नायडर करंडक जिंकणाऱ्या सुपरमरीन एस-६बी या विमानाला चाकं आणि मशिनगन लावल्या आणि स्पिटफायर तयार झालं, असं नेहमी वाचायला मिळतं. हे खरं आहे का? शर्यतींमुळे लढाऊ विमानं खरंच सुधारतात का?’

पहिल्या भागाचं उत्तर: नाही. दुसऱ्या भागाला मात्र वेळ लागेल. माझी सगळी नोकरी पिस्टन इंजिनं उघडण्यात आणि परत बांधण्यात गेली, त्यामुळे मी हे सगळं इंजिनाच्या बाजूने बघतो. माझ्या मते ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण पंखांच्या देखण्या आकारात अडकतात आणि खरा वारसा बॉनेटखाली होता हे राहून जातं.

आधी शर्यतीबद्दल थोडक्यात. झाक श्नायडर या फ्रेंच गृहस्थाने १९१२ मध्ये सी-प्लेनसाठी, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी, हा करंडक ठेवला. प्रवासी वाहतुकीला उपयोगी पडतील अशी विमानं निघावीत, हा त्याचा हेतू. निघाली मात्र फक्त वेगासाठी बांधलेली यंत्रं. पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या देशाकडे करंडक कायमचा राहणार होता. ब्रिटनने १९२७ मध्ये व्हेनिसला एस-५ने (ताशी ४५३ किलोमीटर), १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या कॅलशॉटला एस-६ने (५२९) आणि १९३१ मध्ये तिथेच एस-६बीने (५४७) तो जिंकून खिशात घातला. १९३१ ची शर्यत नावालाच होती. इटली आणि फ्रान्सची विमानं वेळेत तयार झाली नाहीत, त्यांचे वैमानिक सरावात मेले, आणि ब्रिटनचं विमान एकट्यानेच धावलं. मंदीमुळे सरकारने हात आखडता घेतला होता. लेडी ह्यूस्टन या श्रीमंत बाईंनी एक लाख पौंड दिले म्हणून ते तरी जमलं.

ही तिन्ही विमानं सुपरमरीनच्या आर. जे. मिचेलची आणि स्पिटफायरही त्याचंच. म्हणून लोक सरळ रेघ ओढतात. पण दोन्ही विमानं शेजारी ठेवून बघा. एस-६बीचे पंख तारांनी फ्लोटांना (पाण्यावर तरंगायला चाकांच्या जागी लावलेल्या पोकळ होड्यांना) आणि धडाला ताणून बांधलेले होते. स्पिटफायरला बाहेर एकही तार नाही. एस-६बीचं इंजिन ३६.७ लिटरचं, स्पिटफायरचं मर्लिन २७ लिटरचं. पंखांचा आकार, त्यांची बांधणी, थंड ठेवण्याची पद्धत, सगळंच वेगळं. दिसायला स्पिटफायरच्या सर्वांत जवळचं मिचेलचं शर्यती विमान कोणतं विचाराल तर ते १९२५ चं एस-४. त्यालाही पंखांना तारा नव्हत्या, आणि ते बाल्टिमोरला शर्यतीआधीच पाण्यात कोसळलं. वैमानिक हेन्री बिआर्ड वाचला. मिचेलने त्यानंतर मुकाट्याने पुन्हा तारा लावल्या. त्यामुळे एस-४, ५, ६ आणि मग स्पिटफायर अशी चढती कमान दाखवणाऱ्या चित्रांवर माझा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट. ही विमानं पाण्यावरून का उडत होती? तेव्हाची धावपट्टी म्हणजे गवताचं मैदान. या विमानांचा प्रॉपेलर पात्यांच्या ठरावीक कोनाचा, तोही अतिवेगासाठी कापलेला; कमी वेगात तो हवा नीट पकडायचाच नाही. पंख लहान, वजन जास्त. एवढं लांब धावायला समुद्रच हवा. म्हणजे १९३० नंतर लढाऊ विमानांना ज्या गोष्टींनी खरं बदललं, आत ओढली जाणारी चाकं, उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली वळणारे फ्लॅप्स, कोन बदलणारा प्रॉपेलर, त्यातली एकही श्नायडरने दिली नाही. द्यायची गरजच पडली नाही. सुरुवातीच्या स्पिटफायरला तर लाकडाचा, दोन पात्यांचा, ठरावीक कोनाचाच प्रॉपेलर होता. तो बदलून वेगानुसार आपोआप कोन बदलणारा प्रॉपेलर सगळ्या स्क्वाड्रनमध्ये बसवायला १९४० चा उन्हाळा उजाडला.

मग मिळालं काय? त्यासाठी रोल्स-रॉइसच्या ‘आर’ इंजिनाकडे यावं लागेल.

१९२७ पर्यंत सुपरमरीन नेपियर लायन इंजिन वापरत होती. त्यातून आणखी ताकद निघेना, म्हणून मिचेल रोल्स-रॉइसकडे गेला. त्यांनी आपलं बझार्ड हे मोठं इंजिन घेतलं, त्याला दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा सुपरचार्जर बसवला, आणि सुमारे ८०० अश्वशक्तीच्या इंजिनातून १९२९ मध्ये १,९०० आणि १९३१ मध्ये सुमारे २,३५० अश्वशक्ती काढली. सुपरचार्जर म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा कोंबणारा पंखा. तो बसवणं अवघड नसतं. बसवल्यावर जी उष्णता आणि जो दाब तयार होतो, त्याने व्हॉल्व्ह जळतात, पिस्टन वितळतात, बेअरिंग निकामी होतात. ते सगळं टिकवणं, हेच खरं काम. डर्बी गावातल्या रोल्स-रॉइसच्या कारखान्यात टेस्ट बेडवर हे इंजिन चालवताना हवेचा झोत द्यायला आणि खोलीतला धूर बाहेर काढायला केस्ट्रेल जातीची तीन इंजिनं जोडीला चालवावी लागत. म्हणजे एका इंजिनाच्या चाचणीला चार इंजिनांचा आवाज. शेवटी देशाच्या प्रतिष्ठेसाठी एवढं सोसा, असं डर्बीच्या महापौरांना गावकऱ्यांना सांगावं लागलं.

फुल थ्रॉटलवर तासभर न फुटता चालणं ही अट होती. फुटायचं, उघडायचं, काय तुटलं ते बघायचं, तो भाग सुधारायचा, परत चालवायचं. यात कुणी प्रतिभावंत नकाशे काढत नव्हता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ करून त्यात सोडियम भरायचं, म्हणजे ते वितळून आत हेलकावतं आणि व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे नेतं, ही युक्ती त्या इंजिनात होती आणि पुढे मर्लिनमध्येही आली.

१९२९ च्या शर्यतीच्या आदल्या रात्रीचा एक प्रसंग मला फार आवडतो, कारण तो आमच्या कामाचा आहे. इंजिन जमिनीवरच चालवून बघण्याच्या शेवटच्या चाचणीनंतर प्लग बदलताना एका मेकॅनिकला एका प्लगच्या टोकावर पांढरट धातूचा बारीकसा कण दिसला. प्लग काढला की आधी त्याचं टोक उजेडात धरायचं, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. काजळी कोरडी आहे की तेलकट, रंग तपकिरी आहे की पांढरा, यावरून सिलिंडरची तब्येत कळते. आणि धातूचा कण दिसला तर तो पिस्टनचा आहे, म्हणजे पिस्टन सिलिंडरला घासतोय. ते इंजिन दुसऱ्या दिवशी शर्यतीत नक्की आखडलं असतं. आख्खं इंजिन बदलायला नियमांची आडकाठी होती, भाग बदलायला नव्हती. सिलिंडर ब्लॉक उतरवायचा होता, पण एवढी कुशल माणसं आणायची कुठून? योगायोग असा की डर्बीच्या कारखान्यातले लोक शर्यत बघायला म्हणून साउदॅम्प्टनला आलेले होते. पोलिसांनी हॉटेलं पालथी घालून त्यांना झोपेतून उठवलं. त्यांनी रात्रीतून ब्लॉक काढला, पिस्टन बदलला, सगळं परत बांधलं. त्याच विमानाने दुसऱ्या दिवशी शर्यत जिंकली.

त्या शर्यतीचा शेवटही मजेदार आहे. एस-६चा वैमानिक वॅगहॉर्न फेऱ्या मोजायला चुकला. शेवटची फेरी समजून तो उडत असताना इंधन संपून इंजिन बंद पडलं आणि शर्यत हरली या दुःखात तो पाण्यावर उतरला. प्रत्यक्षात सात फेऱ्या आधीच पूर्ण झाल्या होत्या. आठवी त्याने फुकटच मारली होती. ॲचर्ली या दुसऱ्या वैमानिकाचा गॉगल गेला, त्याला वळणाचा खांब नीट दिसला नाही, तो आतून वळला आणि बाद झाला.

आता इंधन. रॉड बँक्स हा इंधनाचा जाणकार माणूस या कथेत नेहमी तळटिपेत जातो, तो खरं तर पहिल्या पानावर हवा. दाब वाढवला की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच साधं पेट्रोल आपोआप पेटायला लागतं आणि पिस्टनवर घणाचे घाव बसतात. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. बँक्सने बेंझॉल, मिथेनॉल, शिशाचं संयुग यांची मिश्रणं करून इंजिनाला जास्त दाब सोसायला लावला. शर्यतीनंतर दोन आठवड्यांनी, २९ सप्टेंबर १९३१ ला, स्टेनफोर्थ या वैमानिकाने एस-६बीतून ताशी ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला तेव्हा टाकीत ६० टक्के मिथेनॉल, ३० टक्के बेंझॉल आणि १० टक्के ॲसिटोन होतं; पेट्रोल नव्हतंच. असलं मिश्रण स्क्वाड्रनमध्ये कुणी वापरणार नाही. पण इंधन सुधारलं की तेच इंजिन, त्याच आकारात, जास्त ताकद देतं हा धडा पक्का झाला. १९४० मध्ये ब्रिटिश फायटरांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेन (आकडा जितका मोठा तितकं नॉकिंग कमी) इंधन मिळालं आणि मर्लिनचा बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने भरलेल्या हवेचा जादा दाब, दर चौरस इंचाला ६ पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला. त्याच २७ लिटरमधून युद्धाच्या अखेरीस दोन हजारांहून जास्त अश्वशक्ती निघत होती. श्नायडरचा वारसा दाखवा असं मला कुणी म्हटलं तर मी पंखाकडे नाही, या आकड्याकडे बोट दाखवीन.

पण इथेही एक घोटाळा होतो. ‘आर’पासून मर्लिन निघालं, असं लिहितात. तसं नाही. केस्ट्रेल हे मूळ इंजिन. ते मोठं करून बझार्ड झालं आणि बझार्डपासून आर. दुसऱ्या बाजूला केस्ट्रेलपासूनच, कंपनीने सरकारी पैशांशिवाय सुरू केलेलं पीव्ही-१२, म्हणजे पुढचं मर्लिन; ते १९३३ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा चाललं. नात्याने बघाल तर आर हा मर्लिनचा बाप नव्हे, पुतण्या. काही घरांत पुतण्या काकापेक्षा वयाने मोठा असतो तसा. तो आधी जग बघून आला आणि काकाला चार गोष्टी शिकवल्या, एवढंच. शिकवणारी माणसं मात्र तीच होती. कॅलशॉटला आर इंजिनांची काळजी घेणारा सिरिल लव्हसी पुढे मर्लिन सुधारण्याच्या कामाचा प्रमुख झाला.

आणि केस्ट्रेल कुठून आलं? ही खरी गंमत. १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या कावझला याच करंडकाच्या शर्यतीत अमेरिकी नौदलाने ब्रिटनला त्यांच्याच अंगणात हरवलं, ते कर्टिसच्या डी-१२ इंजिनाच्या जोरावर. त्याचे सिलिंडर सुटे नव्हते, एका ब्लॉकमध्ये ओतलेले होते, त्यामुळे इंजिन अरुंद आणि विमानाचं नाक टोकदार. रिचर्ड फेअरी हा ब्रिटिश विमान कारखानदार त्यावर इतका खूष झाला की त्याने ती इंजिनं विकत आणून फॉक्स हे बॉम्बर बनवलं, आणि ते तेव्हाच्या ब्रिटिश फायटरांनाही मागे टाकायला लागलं. हवाई मंत्रालयाला घाम फुटला. एक डी-१२ रोल्स-रॉइसकडे अभ्यासाला गेलं आणि त्यातून केस्ट्रेल आलं. म्हणजे श्नायडर करंडकाने ब्रिटिश इंजिनांना सर्वांत मोठं देणं दिलं ते ब्रिटन हरलेल्या शर्यतीतून. १९३१ च्या विजयावर पानंच्या पानं लिहिली जातात, १९२३ च्या पराभवावर एखादं वाक्य.

शर्यतीतली एक युक्ती लढाऊ विमानात साफ आपटली, तीही सांगायला हवी. एस-६बीला समोर लटकणारा रेडिएटर नव्हता, कारण तो हवा अडवतो. म्हणून पंखांची कातडी दुहेरी करून त्यातून पाणी फिरवलं होतं, फ्लोटांच्या पाठीवरही तेच. तेल धडाच्या कडेने शेपटीकडे जायचं, उभ्या फिनमध्ये वरून फवारलं जायचं, भिंतीवरून ओघळत थंड व्हायचं आणि परत यायचं. आख्खं विमान म्हणजे एक उडता रेडिएटर. वैमानिक वेगाच्या काट्यापेक्षा पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे जास्त बघायचा आणि त्यानुसार थ्रॉटल मागे घ्यायचा. उजव्या फ्लोटमध्ये जास्त इंधन भरायचं, कारण प्रॉपेलरच्या टॉर्कने, म्हणजे त्याच्या फिरण्याच्या उलट पिळाने, डावा फ्लोट पाण्यात रुतायचा. काय सुंदर डोकं आहे!

याच विचाराने मिचेलने १९३४ मध्ये टाइप २२४ हे फायटर केलं. इंजिन गोशॉक, केस्ट्रेलचंच भावंड. पाण्याची वाफ होऊ द्यायची आणि ती पंखाच्या पुढच्या कडेत थंड करून पाणी परत आणायचं, अशी योजना. उंचीवर दाब कमी झाला की ते उकळत्या बेतातलं पाणी पंपातच वाफ व्हायचं आणि पंप बसायचे. शिवाय लढाईत पंखात एक गोळी घुसली की इंजिन गेलं. विमानाचा वेग ताशी ३६७ किलोमीटर, चाकं बाहेर लटकलेली. हवाई दलाने ते नाकारलं आणि ग्लॉस्टर ग्लॅडिएटर हे दुपंखी विमान घेतलं. जागतिक विक्रमवीराचं फायटर दुपंखी विमानापुढे नापास! ‘शर्यतीतून थेट स्पिटफायर’ म्हणणारे २२४ वर उडी मारून पुढे जातात.

स्पिटफायर त्या अपयशातून आलं. त्याचा पातळ लंबवर्तुळाकार पंख बेव्हर्ली शेन्स्टन या कॅनेडियन वायुगतिकी तज्ज्ञाने मिचेलच्या हाताखाली आखला. चाकं आणि आठ मशिनगन मावाव्यात एवढी रुंदी मुळाशी हवी होती आणि तरी जाडी कमी हवी होती. वाफेची भानगड सोडून इंजिन थंड ठेवायला ग्लायकॉल हा द्रव घेतला. रेडिएटर पंखाखालच्या बोगद्यात ठेवला. फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेतल्या मेरेडिथने दाखवून दिलं होतं की बोगद्याचा आकार नीट ठेवला तर तापलेली हवा मागून जोराने बाहेर पडते आणि रेडिएटरचा अडथळा बराचसा भरून निघतो. ५ मार्च १९३६ ला ईस्टलीहून पहिलं उड्डाण झालं. मिचेल १९३७ च्या जूनमध्ये कर्करोगाने गेला, वय ४२. पहिली स्पिटफायर १९३८ मध्ये डक्सफर्डला पोचली ती त्याने पाहिली नाहीत. पुढच्या वीस हजारांवर विमानांत जे बदल होत गेले ते मिचेलच्या जागी आलेल्या जो स्मिथच्या नेतृत्वाखाली.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला इटली उत्तर देते. मारिओ कास्तोल्दी या इटालियन अभियंत्याचं माक्की एमसी-७२ हे १९३१ च्या शर्यतीला पोचलं नाही, पण २३ ऑक्टोबर १९३४ ला वैमानिक आजेल्लोने त्यातून ताशी ७०९ किलोमीटर वेग गाठला. पिस्टन सी-प्लेनचा तो विक्रम आजही अबाधित आहे. म्हणजे शर्यतीच्या तंत्रात इटली ब्रिटनच्या पुढे गेली होती. पण १९४० मध्ये युद्धात उतरताना तिच्याकडे काय होतं? फिआट सीआर-४२ हे दुपंखी, आणि त्याच कास्तोल्दीचं एमसी-२००, ८४० अश्वशक्तीचं, सिलिंडर गोलाकार मांडलेलं इंजिन लावलेलं. दोन इंजिनं एकामागे एक जोडून बनवलेल्या एमसी-७२च्या शर्यती इंजिनातून कारखान्यात घाऊक निघेल असं, मर्लिनसारखं इंजिन झालंच नाही. कास्तोल्दीचं एमसी-२०२ पुढे उत्तम ठरलं, पण जर्मन डेमलर-बेंझ इंजिन मिळाल्यावर. विमानाची आखणी कास्तोल्दीला येत होतीच. मधली ती दहा वर्षं इंजिनावर खर्च झाली नव्हती. उलट हॉकर हरिकेन बघा. श्नायडर शर्यतीशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण इंजिन तेच मर्लिन, आणि ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये, म्हणजे १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत, त्याने स्पिटफायरपेक्षा जास्त विमानं पाडली.

शर्यतीतून युद्धात आलेलं ब्रिटिश विमान बघायचंच असेल तर मी डी हॅविलंड कॉमेटकडे बोट दाखवीन. १९३४ च्या ऑक्टोबरातल्या इंग्लंड ते मेलबर्न शर्यतीसाठी बांधलेलं, लाकडाचं, दोन इंजिनांचं. त्याचे प्रॉपेलर उड्डाणाआधी सायकलच्या पंपाने हवा भरून एका कोनात आणायचे. वेग वाढला की हवा सुटून कोन बदलायचा, पण पुन्हा जमिनीवर येईपर्यंत परत नाही. स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी ७१ तासांत मेलबर्न गाठलं. पातळ, गुळगुळीत लाकडी पंख आणि दोन इंजिनं यांतून किती वेग निघतो हे डी हॅविलंडला तिथे कळलं, आणि सहा वर्षांनी मॉस्किटो हे त्यांचं लाकडी युद्धविमान आलं.

याच शर्यतीत इंधनाचा धडा आपल्या देशात गिरवला गेला. अलाहाबाद हा सक्तीचा थांबा होता. जिम आणि एमी मॉलिसन हे वैमानिक दांपत्य दुसऱ्या कॉमेटमधून कराचीपर्यंत सर्वांच्या पुढे होतं. मग वाट चुकून ते जबलपूरला उतरले. विमानाचं पेट्रोल तिथे नव्हतं, म्हणून एका स्थानिक बस कंपनीचं भरलं. त्याने पिस्टनची वाट लागली, आणि एका इंजिनावर कसंबसं अलाहाबाद गाठून त्यांची शर्यत संपली. बसचं पेट्रोल उच्च दाबाच्या इंजिनात का घालू नये, यासाठी मी नवीन मुलांना हेच उदाहरण देतो.

एक शेपूट राहिलं. आर इंजिनाचा ३६.७ लिटरचा आकार वाया गेला नाही. तोच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तोच स्ट्रोक (पिस्टनची धाव) घेऊन रोल्स-रॉइसने ग्रिफन केलं आणि ते उत्तरार्धातल्या स्पिटफायरमध्ये बसवलं. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाकडे असलेल्या मार्क १८ स्पिटफायरमध्ये ग्रिफनच होतं. त्यामुळे शर्यतीचं रक्त खरंच कुठल्या स्पिटफायरमध्ये होतं, असं कुणी विचारलं तर मी १९४० च्या नव्हे, या उशिराच्या विमानांचं नाव घेतो.

लंडनला जाणं झालंच तर सायन्स म्युझियममध्ये १९३१ चं विजेतं एस-६बी आणि करंडक दोन्ही आहेत. साउदॅम्प्टनच्या सोलेंट स्काय संग्रहालयात एस-६ए आहे आणि शर्यत जिंकलेला कॉमेट ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहात. एस-६बीपाशी गेलात तर पंखांकडे बघून झाल्यावर धडाच्या कडेच्या पन्हळी नीट बघा. त्या नक्षीसाठी नाहीत, त्यातून तेल जायचं.